निवासी संस्थेत काही विपरीत घडलं तर: काय लिहायचं, कुणाला कळवायचं आणि किती वेळात

घरात राहणारा माणूस पडला, हरवला किंवा कुणी त्याला मारलं, तर निदान शेजारपाजार तरी धावून येतो. निवासी केंद्रात राहणाऱ्या माणसाचं काय झालं हे तिथल्या कर्मचाऱ्यांखेरीज कुणालाच दिसत नाही. त्यातून त्याला बोलता येत नसेल, किंवा ‘त्याचं काय ऐकता, तो आजारी आहे’ म्हणून त्याचं बोलणं उडवून लावलं जात असेल, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा एकच साक्षीदार उरतो: त्या वेळी लिहिलेला कागद. घटना अहवाल हा त्या माणसासाठी लिहायचा असतो. संस्थेचा बचाव म्हणून लिहायला घेतला की पहिल्याच ओळीत तो बिघडतो.

हे मोठ्या किमतीने कळलेलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी केंद्राला आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं पळता न आल्याने गेली. आपल्याकडे २०११ मध्ये पनवेलजवळच्या एका वसतिगृहात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. वेळेवर बाहेर गेलेला एक खरा अहवाल अशा ठिकाणी काय करू शकला असता, हा विचार मनात ठेवून पुढचं वाचा.

सांगली, मिरज, कुपवाड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), विटा अशा ठिकाणी पंधरा-वीस माणसं सांभाळणारी छोटी केंद्रं, विशेष मुलांच्या शाळांची वसतिगृहं आणि व्यसनमुक्ती केंद्रं चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अधीक्षक, मेट्रन, परिचारिका, काळजीवाहक आणि रात्रपाळीची मावशी या सगळ्यांनी तो वाचावा.

आपल्याला कोणता कायदा लागतो

मानसिक आजार असलेली माणसं तुमच्याकडे उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी राहत असतील तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ लागतो. दारू किंवा अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक तक्रारीही या कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे ‘आमचं फक्त व्यसनमुक्ती केंद्र आहे’ असं म्हणून सुटका होत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, योग, निसर्गोपचार यांची निवासी केंद्रंही मनोरुग्णांना ठेवत असतील तर त्यात मोडतात. नोंदणीशिवाय असं केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे, पुढे तो ५ लाखांपर्यंत जातो.

बौद्धिक अक्षमता मात्र या कायद्याच्या व्याख्येत नाही. त्यासाठी, आणि इतर सर्व दिव्यांगांसाठी, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांतल्या प्रौढांच्या कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. निवासी अठरा वर्षांखालचा असेल तर याशिवाय पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि बालन्याय कायदाही लागू.

छोट्या केंद्रांत सहसा एकाच छताखाली दोन-तीन प्रकारची माणसं असतात. म्हणून प्रत्येक निवाशाच्या फाइलच्या पहिल्या पानावर त्याला कोणता कायदा लागू, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे उपचाराच्या निर्णयांत त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस) किंवा पालक कोण आणि त्याचे दोन फोन नंबर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता हे शोधायला वेळ नसतो. ज्याला कुणीच नातेवाईक नाही त्याच्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचं काम मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचं आहे. मंडळाला तसा अर्ज आधीच गेलेला असावा.

घटना कशाला म्हणायचं

मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न, मारहाण, लैंगिक छळ, निवासी निघून जाणं, भाजणं, हाड मोडणं, घशात घास अडकणं, चुकीची गोळी, बांधून किंवा कोंडून ठेवणं, पैसे-दागिने चोरीला जाणं आणि आग ही यादी सगळ्यांना पाठ असते. गळतात त्या दुसऱ्याच गोष्टी. अंगावर सापडलेला, कसा झाला हे कुणालाच माहीत नसलेला वळ. एखाद्या कर्मचाऱ्याची पाळी आली की जेवण सोडणारी मुलगी. गच्चीचं कुलूप उघडं सापडणं. काहीच झालं नाही, थोडक्यात निभावलं, असे प्रसंग.

माझा आग्रह एका नियमाचा आहे: ही घटना आहे की नाही हे ज्याच्या पाळीत ती घडली त्याने एकट्याने ठरवायचं नाही. शंका आली की नोंद करायची. ती किरकोळ होती की गंभीर हे दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ठरवायचं आणि तो निर्णयही सहीनिशी लिहायचा.

पहिला तास

आधी माणूस. श्वास, रक्तस्राव, शुद्ध बघा, १०८ ला फोन करा, भांडण असेल तर दोघांना वेगळं करा. ज्याच्यावर संशय आहे त्या कर्मचाऱ्याला त्या निवाशापासून तत्काळ दूर करा. ही शिक्षा नव्हे, आणि तसं त्याला सांगाही.

मग जागा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कपडे धुवायचे नाहीत, अंघोळ घालायची नाही, चादर बदलायची नाही. माणूस विस्कटलेला, घाबरलेला असतो, आणि मावशी मायेपोटी पहिली त्याला स्वच्छ करायला धावतात. हे त्यांना आधीच समजावून सांगितलेलं असावं. सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी चित्रीकरणाची प्रत काढून घ्या, कारण काही दिवसांनी यंत्र जुन्यावर नवं चढवतं.

त्यानंतर फोन. कुणी, कुणाला, किती वाजता केला आणि पलीकडून काय सांगितलं, हे हाताशी असेल त्या कागदावर टिपा. तो मळका कागदही अहवालाला जोडायचा.

नोंद कशी लिहायची

पानांवर छापील क्रमांक असलेली बांधीव वही घ्या. सुट्टे कागद नकोत, व्हाइटनर नको. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. घटना पाहणाऱ्याने स्वतः, पाळी संपायच्या आत लिहायचं. लिहिता येत नसेल तर त्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, वाचून दाखवायचं आणि दोघांनी सही-अंगठा करायचा.

नमुन्यादाखल अशी नोंद घ्या: ‘रात्री पेशंट व्हायोलंट झाला. बांधून ठेवले. नंतर शांत झोपला.’ यातून काय कळलं? काहीच नाही. ‘व्हायोलंट’ हा आपला निष्कर्ष झाला, डोळ्यांनी काय दिसलं ते यात नाही. बांधलं कुणी, कशाने, किती वेळ, परवानगी कुणाची, त्याआधी काय करून पाहिलं, यातलं एकही नाही. आणि त्या माणसाचं म्हणणं तर कुठेच नाही.

तीच घटना अशी लिहायला हवी:

‘रात्री ११.२० वाजता निवासी क्र. ७ यांनी आपली बॅग मागितली. बॅग कपाटात होती, किल्ली दिवसपाळीकडे राहिली होती. ११.३० ला त्यांनी खिडकीची काच हाताने फोडली, उजव्या मनगटाला जखम. काचेचा तुकडा घेऊन ते शेजारच्या खाटेकडे गेले. मी व वॉचमन यांनी दहा मिनिटं बोलून पाहिलं, इतर चौघांना बाहेर काढलं. ११.४२ ला मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी दोन्ही हात धरून ठेवण्यास परवानगी दिली. आम्ही दोघांनी ११.४५ ते ११.५३ पर्यंत हात धरले. दोरी, कापड वापरलं नाही. काच काढून घेतली. ११.५५ ला जखम धुऊन पट्टी, १२.४० ला सिव्हिलला नेलं, तीन टाके. भावाला १२.१५ ला फोनवर कळवलं. सकाळी ७ वाजता विचारल्यावर निवासी म्हणाले: बॅगेत आईचा फोटो होता, मी चार वेळा मागितला.’

पहिल्या नोंदीत धोकादायक रुग्ण दिसतो. दुसरीत किल्ली नीट हस्तांतरित न झालेली पाळी आणि आईचा फोटो मागणारा माणूस दिसतो. पुढच्या वेळी काय बदलायचं हे दुसरीच सांगू शकते.

निवाशाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करू नका. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रं, खुणांची भाषा, विशेष शिक्षक यांची मदत घ्या, आणि मदत कुणाची घेतली ते नोंदवा. मिरजेच्या पट्ट्यात अनेक निवाशांची घरची भाषा कन्नड असते. भाषेच्या अडचणीला ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिणं हा अन्याय आहे.

बांधणं आणि कोंडणं

सर्वांत कमी नोंदवली जाणारी आणि कायद्याने सर्वांत स्पष्ट सांगितलेली घटना हीच, म्हणून इथे थांबून वाचा.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९५ साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात मना करतं. कलम ९७ एकांतात कोंडणं मना करतं. शारीरिक नियंत्रण दोनच अटी एकत्र असतील तर: तात्काळ इजा टाळायला दुसरा कोणताही मार्ग उरला नाही, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी परवानगी दिली आहे. तेही गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही. धाक म्हणून नाही. आणि कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. रात्री वीस माणसांवर एक मावशी असते ही खरी अडचण आहे आणि ती मावशींची चूक नाही. पण तिचं उत्तर चादरीची गाठ हे असू शकत नाही.

प्रत्येक वेळी करायच्या गोष्टी अशा. पद्धत, कारण आणि कालावधी उपचाराच्या कागदांत लगेच लिहायचा. जबाबदारी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाची. नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं. नियंत्रण चालू असेपर्यंत वैद्यकीय कर्मचाऱ्याची नजर हवी. आणि महिन्यातल्या अशा सर्व घटनांचा अहवाल दर महिन्याला पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा. तुमचं केंद्र कोणत्या मंडळाच्या अखत्यारीत येतं ते जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडून लेखी मागून घ्या आणि तो पत्ता भिंतीवर लावा. महिन्यात एकही घटना नसेल तर ‘निरंक’ असा अहवाल पाठवा, असा माझा सल्ला आहे. सवय मोडत नाही आणि खंड पडला तर तो लगेच दिसतो.

तज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत असतील तर रात्रीच्या फोनची व्यवस्था त्यांच्याशी आधी लेखी ठरवा आणि परवानगीवर त्यांची सही पुढच्या भेटीत घ्या. दार बाहेरून कडी लावून ठेवणं म्हणजे कोंडणंच, मग खोलीत पंखा आणि गादी असली तरी. झोपेच्या जादा औषधाने शांत करणंही वेगळं नोंदवा. आणीबाणीतल्या उपचाराला ७२ तासांची मर्यादा आहे, तेवढ्यात तपासणी झालीच पाहिजे.

कायद्याचा भंग झाला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अत्याचाराची शंका

निवासी अठराच्या आतला असेल आणि लैंगिक गुन्ह्याची नुसती शंका असेल तरी पॉक्सो कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आमची चौकशी समिती बसू द्या’ असं म्हणायला कायद्यात जागा नाही. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होऊ शकत नाही, हे त्याच कलमात आहे. ही दुसरी गोष्ट पगारी कर्मचाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, त्यांना तिची जास्त गरज असते. बालकल्याण समितीलाही कळवायचं असतं, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू आहे.

प्रौढ दिव्यांग व्यक्तीवर हिंसा किंवा शोषण होत असेल, झालं असेल किंवा होण्याचा संभव असेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांना, माहिती देऊ शकतं. ताब्यातल्या दिव्यांगाला जाणूनबुजून जेवण-पाणी नाकारणं, मारहाण, लैंगिक शोषण, त्याची काठी-खुर्ची-श्रवणयंत्र मोडणं यांना कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. जेवण नाकारणं या यादीत आहे याकडे लक्ष द्या. ‘ऐकत नाही म्हणून आज जेवण बंद’ हा गुन्हा ठरू शकतो.

पोलीस ठाण्यात जाताना हे माहीत असू द्या. लैंगिक गुन्ह्याची बळी ठरलेली स्त्री दिव्यांग असेल तर तिची फिर्याद तिच्या राहत्या जागी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करून पोलिसांना लगेच कळवायचं असतं. अत्याचार घरच्याच पालकाकडून होत असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या समितीकडे पालक बदलण्याचा अर्ज करता येतो.

निवासी निघून गेला तर

‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. परिसर आणि छत, विहीर, शौचालयं बघून झाली की थेट ठाणं गाठा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, बोलण्याची भाषा, कोणती गोळी चुकली तर धोका आहे आणि हाक मारल्यावर तो कोणत्या नावाला ओ देतो, एवढं लिहून न्या. मूल असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे.

आपल्या भागात मिरज जंक्शनचा विचार पहिल्या तासातच करावा लागतो. तिथून गाडी पुण्याला, कोल्हापूरला, बेळगावला आणि पंढरपूर-सोलापूरकडे जाते. माणूस दोन तासांत दुसऱ्या राज्यात असू शकतो. म्हणून लोहमार्ग पोलिसांना वेगळं कळवा. मिरजेचा दर्गा, औदुंबर, नरसोबाची वाडी इथेही फोन करा, कारण अनेक कुटुंबांनी माणसाला आधी तिथेच नेलेलं असतं आणि तो ओळखीच्या वाटेने जातो. कृष्णाकाठचे घाट विसरू नका.

सापडल्यावर नोंद बंद करण्याआधी त्याला विचारा: का गेलास? उत्तरात कधी घरची ओढ असते, कधी इथली भीती. दुसरं उत्तर मिळालं तर ती नवी घटना.

मृत्यू

मृत्यू अनपेक्षित, संशयास्पद, अपघाती असेल किंवा आत्महत्या असेल तर पोलिसांना कळवायचं, ते अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा करतील. तोवर खोली बंद, वस्तू जागच्या जागी. ‘वयस्कर होता, हार्ट गेलं’ म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला घेण्याची घाई करू नका. मृत्यूच्या आधीच्या तीन दिवसांची औषधं, जेवण, ताप, पडणं यांच्या नोंदींच्या छायाप्रती त्याच दिवशी काढून सीलबंद करा. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत करायची असते, आणि संस्थेतल्या मृत्यूची माहिती देणं प्रमुखाचं काम आहे. नातेवाइकांना फोनवर घाईने सांगू नका, शक्य तर प्रमुखाने स्वतः सांगावं आणि काय घडलं ते न लपवता सांगावं.

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर खटला भरण्याची भीती दाखवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं असतं. त्याला उपचार हवेत. कर्मचाऱ्यांपैकी कुणी हादरला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे.

औषधांच्या चुका

थोडक्यात. एकसारखी नावं, कंपनी बदलल्याने बदललेला गोळीचा रंग आणि सणासुदीला बदललेली पाळी ही नेहमीची कारणं. चूक सांगणाऱ्याला ओरडू नका, नाहीतर पुढची चूक कळणारच नाही. डॉक्टरांना लगेच फोन, निवाशाला आणि प्रतिनिधीला खरं सांगणं, नोंद. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं.

कागद कुठे जातो, कुठे जाऊ नये

बाहेर पाठवलेल्या प्रत्येक अहवालाची स्थळप्रत ठेवा आणि पोहोच घ्या. कार्यालयात हाताने दिला तर आवक क्रमांक आणि शिक्का, नाहीतर स्पीड पोस्ट आणि सोबत ईमेल. संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाला गंभीर घटना कळवताना प्रमाणपत्राचा क्रमांक लिहा.

व्हॉट्सअॅपवर फोटो नको. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २४ बंदी घालतं, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. हरवलेल्याचा फोटो पोलिसांना द्या, पण गावाच्या ग्रुपवर त्याच्या आजाराचं नाव फिरवू नका. तो परत आल्यावर त्याच गावात राहणार आहे.

निवाशाला स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं पाहण्याचा आणि सेवेबद्दल तक्रार करण्याचा हक्क आहे. आधी प्रभारीकडे, मग मंडळाकडे, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. हा क्रम मोठ्या अक्षरांत जेवणाच्या खोलीत लावा, ऑफिसात नव्हे.

महिनाअखेर आणि पावसाळा

महिन्याच्या शेवटी वही पुढून मागे वाचा आणि तीनच गोष्टी शोधा: कोणती वेळ, कोणती जागा, कोणती पाळी पुन्हा पुन्हा येते. पडण्याच्या घटना एकाच न्हाणीघरात असतील तर फरशी बदला. बांधण्याच्या घटना रविवारी रात्री असतील तर रविवारी माणूस वाढवा. या बैठकीला एक निवासी किंवा पालक बसवा. वहीत महिनाभर काहीच नसेल तर खूश होऊ नका, पाळीवरच्या लोकांशी एकेकट्याने बोला.

कृष्णेचा पूर ही आपल्या जिल्ह्यातली खास घटना. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या केंद्राने ४० फुटांची वाट न पाहता हलण्याचा निर्णय कुणी घ्यायचा हे मे महिन्यातच ठरवावं. स्थलांतर ही पूर्ण नोंद करायची घटना आहे: कोण कुठल्या वाहनातून कुठल्या शाळेत किंवा कार्यालयात गेला, सोबत किती दिवसांची औषधं होती, प्रतिनिधीला कधी कळवलं, गाडीत बसवताना आणि उतरवल्यावर मोजणी किती. अनोळखी गर्दीत माणसं बिथरतात आणि बांधण्याचा मोह तिथे सर्वांत जास्त होतो. कलम ९७ शाळेच्या वर्गातही तसंच लागू असतं. जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करून ‘आमच्याकडे एवढे निवासी, त्यातले एवढे चालू शकत नाहीत’ असं आकड्यांत सांगा आणि त्या फोनचीही वेळ लिहा. मूळ वह्या वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, आणि प्रत्येक महिन्याच्या पानांचे स्कॅन संस्थेच्या बाहेर, दुसऱ्या एका जबाबदार विश्वस्ताकडे असू द्या.